शनिवार करारात नव्हता

प्रिय कात्री,

या नावाने तुला हाक मारणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नसेल. प्रशिक्षणाच्या वर्गात सर जे अंदाजपत्रक हातात देतील ते तू निम्म्यावर आणायचीस आणि वर त्यांनाच विचारायचीस, "अजून कापू का?" सगळा वर्ग हसायचा, सरसुद्धा. आता तू तुझ्या पालिकेची मोठी अधिकारी झालीस, तू आत आलीस की लोक उठून उभे राहत असतील. मला मात्र तू डोळ्यांपुढे येतेस ती चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, माझ्या डब्यात न विचारता हात घालणारी.

हाताने लिहिलंय म्हणून हसू नकोस. मेल केली असती, पण आमच्या सगळ्या मेल हल्ली कंपनीच्या मशीनवरून जातात आणि त्या कोण वाचतं हे कुणालाच ठाऊक नाही. फोनवर आपली गाडी गुडघ्यांच्या पुढे सरकत नाही. तुझा डावा, माझा उजवा, दोघींचे मिळून एक माणूस नीट चालेल. घरी सगळे बरे आहेत. आईला आता जवळजवळ ऐकू येत नाही, पण मी दारातून आत आले की ती रोज विचारते, "आज काय झालं गं?" आणि मी ओरडून सांगते, "काही नाही!" त्यामुळे आमच्या ऑफिसात काही झालं नाही, हे रोज संध्याकाळी अख्ख्या इमारतीला कळतं. आमचे हे निवृत्त झाल्यापासून मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात आणि हरले की माझ्याकडे बघतात, जणू वजीर मी हलवला.

तू आमच्याकडे एकदा कामासाठी आली होतीस, तेव्हा आमच्या संगणक कक्षातले मास्तर तुला भेटले होते. जाड भिंगांचे, सदा करवादलेले. पूर्वी कुठल्याशा क्लासमध्ये टायपिंग शिकवायचे, म्हणून मास्तर. तुझा पेनड्राइव्ह दोन बोटांत धरून त्यांनी विचारलं होतं, "हा कुठे कुठे फिरून आलाय?" आणि तू चिडली होतीस. तसे ते काही फार गोड माणूस नव्हते. जेवण झालं की खुर्चीतच डोळा लावायचे, कुणी मशीन बंद पडलं म्हणून सांगायला गेलं तर आधी बोलणी आणि मग काम. एकदा त्यांच्याच चुकीने करविभागाची दोन दिवसांची कामं पुसली गेली आणि ते कबूल करायला त्यांनी आठवडा लावला. पण ते जिन्याखालच्या खोलीत होते. हाक मारली की शिव्या देत का होईना, वर यायचे. त्यांच्या हाताखाली दोघी होत्या, त्याही धावायच्या. पालिकेची सगळी कार्यालयं, शाळा, प्रसूतिगृह, एवढा पसारा या तिघांवर चालायचा.

तीन वर्षांपूर्वी वरून आदेश आला की प्रशासनाचा खर्च कमी करा आणि जे काम बाहेरून करून घेता येईल ते बाहेर द्या. आमचे मुख्याधिकारी, आम्ही नुसतं साहेब म्हणतो, त्यांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, तुला खरंच सांगते. मुलीच्या आजारपणात ते रात्र रात्र जागून सकाळी वेळेवर कामावर यायचे. पण त्यांच्याही मानेवर कुणाचा तरी हात होता. म्हणाले, "संगणकाचं काम कंपनीला द्यायचंय. अंदाजपत्रक तुम्ही करा. एकच अट, तिघांच्या पगारापेक्षा आकडा कमी दिसला पाहिजे." मी म्हटलं, "साहेब, आधी काम काय काय आहे ते बघते, मग आकडा काढते." ते हसले. म्हणाले, "उलट करा. आकडा घ्या आणि त्यात मावेल तेवढं काम बघा."

मी तरी नेहमीच्या पद्धतीनेच बसले. मास्तरांकडे जाऊन विचारलं, तुम्ही दिवसभर करता तरी काय? ते भडकले. त्यांना वाटलं मी त्यांच्या नोकरीवर उठलेय, आणि तसं ते खोटंही नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी स्वतःच वर आले, माझ्या टेबलासमोर बसले आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलत राहिले. मशीनची दुरुस्ती, माहितीच्या जादा प्रती, जागेवर हजर राहणारा माणूस. आणि शेवटी म्हणाले, "सुट्टीच्या दिवसाचं लिहा. कर भरायचं ऑफिस पाचला बंद होतं. बायका पाचनंतरही बाळंत होतात." मी तो खर्च वेगळा दाखवला: कार्यालयीन वेळेनंतरची आणि सुट्टीची सेवा. बेरीज अर्थातच तिघांच्या पगाराच्या वर गेली.

साहेबांनी माझ्यासमोरच पेन्सिल घेतली. जागेवरचा माणूस गेला, त्याऐवजी दूरवरची मदत-दूरध्वनी सेवा आली. जादा प्रती रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा निघणार असं ठरलं. आणि पेन्सिल सुट्टीच्या सेवेवर येऊन थांबली. मी म्हटलं, "साहेब, प्रसूतिगृह आहे." ते म्हणाले, "आत्तापर्यंत सुट्टीच्या दिवशी किती वेळा बंद पडलंय?" मी म्हटलं, पडतं, पण मास्तर येऊन करून जातात, म्हणून आपल्याला कळत नाही. "म्हणजे कागदावर नाहीच ना," ते म्हणाले, आणि त्यांनी रेघ मारली. मी टिपण जोडलं, की ही सेवा वगळू नये असं माझं मत आहे. ते टिपणही फायलीत व्यवस्थित लागलं. आपल्याकडे मत लावून ठेवायला जागा भरपूर असते. बेरीज बसली, सभेने टाळ्या वाजवल्या, निविदा निघाली, सगळ्यात कमी दराची कंपनी आली.

पहिले काही महिने गंमतच होती. काही बिघडलं की कंपनीला फोन करायचा, ते तिकीट काढायचे, म्हणजे तक्रारीला नंबर द्यायचे. आमच्या शिपाईमामांना वाटलं खरंच तिकीट येणार, ते दोन दिवस टपालात शोधत होते. माझा प्रिंटर या टेबलावरून त्या टेबलावर ठेवायचा होता तर त्याचं स्थलांतर शुल्क लागलं. मी म्हटलं मीच उचलते, तर ते म्हणाले, मग हमी संपेल. करारात नाही ते सगळं जादा, आणि करारात फारसं काही नव्हतंच. वर्ष संपताना मी जादाची बिलं मांडली तर तिघांच्या पगाराच्या पुढे गेली होती. साहेबांनी ती संकीर्णमध्ये टाकायला सांगितली. त्यामुळे मूळ खात्यात बचतच दिसत राहिली, आणि संकीर्ण कुठे फुगतंय हे बघायला कुणी बसलेलं नसतं. ते तुला मी काय सांगायचं!

मास्तरांना मुदतीआधी निवृत्त केलं. त्या दोघींपैकी एक कंपनीतच लागली, अर्ध्या पगारावर, दुसऱ्या शहरात. दुसरी मोबाइलच्या दुकानात काचा बसवते. जिन्याखालच्या खोलीला नवं दार लागलं, जाड, कंपनीच्या कार्डाने उघडणारं. आणि त्याच कामात प्रसूतिगृहाच्या जुन्या कागदी फायली संगणकावर चढवून शहराबाहेरच्या गोदामात गेल्या, म्हणजे कपाटांची जागा मोकळी झाली. तीही बचत.

आता जे सांगायचंय ते सांगते. मागच्या वर्षीची गोष्ट. शनिवार होता, दुपार. मी घरी आईच्या चादरी वाळत घालत होते आणि आमच्या ऑफिसच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "बाई, लवकर या. मास्तर आलेत आणि दारावर डोकं आपटतायत." मी चपला घातल्या आणि तशीच निघाले, घर जवळच आहे.

झालं होतं ते असं. प्रसूतिगृहात सकाळी एक बाई बाळंत झाली. दुसरी खेप. बाळ चांगलं रडलं, सगळे खुश. मग तिचा रक्तस्राव थांबेना. त्यावर द्यायची इंजेक्शनं असतात. पण तिचा नवरा म्हणाला, "मागच्या खेपेला एका इंजेक्शनाने हिचा श्वास अडकला होता. कुठलं ते मला नाही माहीत, पण तुम्ही लिहून घेतलं होतं." ते लिहिलेलं संगणकात होतं, म्हणजे आमच्या जिन्याखालच्या मशीनवर, आणि ते सकाळपासून उघडत नव्हतं. ड्यूटीवरचा डॉक्टर नवा, मोठ्या सिस्टर जुन्या. सिस्टरांनी कंपनीला फोन लावला तर यंत्रातला आवाज म्हणाला, आमची सेवा सोमवारी सकाळी सुरू होईल. तेव्हा सिस्टरांनी मास्तरांना फोन केला. त्यांची नोकरी गेली आहे हे सिस्टरांना ठाऊक होतं. पण आणखी कुणाला करणार?

मी पोचले तेव्हा मास्तर त्या दारापाशी उभे होते. घरच्या कपड्यांत, सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात. आतून मशीनच्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती. त्यांनी कुठून तरी कंपनीचा दुसरा नंबर मिळवला होता आणि पलीकडच्या मुलीला सांगत होते, "मी दाराबाहेर उभा आहे. तुम्ही नुसतं उघडा. मी हात लावत नाही, तुम्ही सांगाल तेवढंच करतो." ती मुलगी म्हणत होती, "सर, तुमचं नाव आमच्याकडे नाही. सर, मी खरंच काही करू शकत नाही." तिचा आवाज रडवेला झाला होता. मास्तरांनी फोन माझ्या हातात दिला. मी माझं पद सांगितलं. तिने शोधलं. माझंही नाव नव्हतं.

मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, थांबा, मी कंपनीच्या वरच्या माणसाशी बोलतो. आम्ही थांबलो. सिस्टरांचा फोन आला, त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "होतंय का?" मास्तर म्हणाले, "होतंय, होतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तोडू का?" त्या मजल्यावर तेव्हा सगळ्यात मोठी अधिकारी मीच. मी म्हटलं, "तोडा." पहारेकऱ्याने गच्चीवरून लोखंडी पहार आणली. त्या दोघांनी मिळून दार तोडलं, कात्री, आणि मला आत काहीतरी फार हलकं वाटलं. वाटलं, झालं, आता मास्तर बसतील आणि शिव्या देत देत करतील.

ते बसले. त्यांच्याच जुन्या खुर्चीत, उशी गेली होती तिची. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. त्यांनी त्यांचा घातला, नाही चालला. बदललेला होता, बदलणारच. मग त्यांना आठवणारे सगळे घातले. मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा तीच चौकट. मी मागे उभी होते. त्यांची बोटं त्या कळांवर नुसती ठेवलेली होती, दाबत नव्हती. म्हणाले, "माझ्याच घरात मला ओळखत नाही हे." नंतर कळलं, बिघाड म्हणावा असा तो बिघाडच नव्हता. साठवणीची जागा भरली होती, जुनं थोडं काढून टाकायचं, बस. सोमवारी कंपनीच्या माणसाने चहा संपायच्या आत केलं.

त्या बाळंतिणीला मोठ्या रुग्णालयात हलवलं. ती वाटेतच गेली. डॉक्टर म्हणतात, कदाचित इंजेक्शन वेळेवर देऊनही गेली असती. कदाचित. हा शब्द चौकशीच्या अहवालात इतक्या वेळा आलाय की वाचताना मला तो शब्दच वाटेनासा झाला. अहवालात कुणाचाही दोष नाही. डॉक्टरने शंका असताना औषध दिलं नाही, बरोबर केलं. कंपनीने कराराप्रमाणे केलं, कारण शनिवार करारात नव्हता. पालिकेने मंजूर तरतुदीप्रमाणे केलं. दोष फक्त दाराचा निघाला. दाराची भरपाई, शिवाय सुरक्षा मोडल्याचा दंड, आणि मास्तरांवर परवानगीशिवाय आत शिरल्याची तक्रार. मी तोडायला सांगितलं हे मी लिहून दिलं. त्यावर मला समज देण्यात आली, एक पानाची. पहारेकरी कंत्राटी होता, त्याला पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस म्हणाले.

तिचा नवरा सुताराचं काम करतो. बाळाच्या जन्माची नोंद करायला आला तेव्हा त्याला माझ्याकडे पाठवलं, कारण अवघड माणसं माझ्याकडे पाठवायची पद्धतच पडली आहे. सासू बाळाला घेऊन बाकावर बसली होती. मोठी मुलगी खुर्ची गोल गोल फिरवत होती. मला वाटलं हा ओरडेल, मी त्यासाठी तयार होते. तो अगदी हळू बोलला. "बाई, सोमवारी चालू झालं म्हणतात. मग शनिवारी काय झालं होतं?" मी म्हटलं, "सुट्टी होती." त्याने मान हलवली. ते त्याला पटलं, हे मला सहन होत नाही. त्याला वाटलं, सुट्टी म्हणजे सुट्टी, आपलंच नशीब. एवढंच खरं मला त्याला सांगायची परवानगी होती, आणि तेही त्याने आभार मानून घेतलं.

मास्तर आता घराबाहेर पडत नाहीत. मी मध्यंतरी गेले होते. त्यांची बायको चहा देऊन आत गेली, ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, तुमचा काही दोष नव्हता. ते म्हणाले, "मी सिस्टरना होतंय म्हणालो. त्यांनी त्या भरवशावर थोडा वेळ वाट बघितली असेल का हो?" मी नाही म्हटलं. मला माहीत नाही, कात्री. विचारायची माझी हिंमत झालेली नाही. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्यांचं निवृत्तिवेतनही अडकलंय, पण त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. पूर्वी चहात साखर कमी पडली तरी आकांडतांडव करायचे.

एवढं सगळं तुला आज का लिहितेय? पुढच्या आठवड्यात आमच्याकडे शिबिर आहे. कमी खर्चात संगणक सेवा कशी चालवावी, हे शिकायला इतर शहरांचे अधिकारी येणार आहेत, कारण आमच्या पालिकेला बचतीबद्दल गौरवलंय. बोलायचंय मला, कारण अंदाजपत्रक माझ्या सहीचं आहे. भाषण कंपनीने तयार करून दिलंय, चित्रं आणि आलेख लावून. मी नकार द्यायला साहेबांकडे गेले होते. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "तुम्ही चार शब्द नीट बोललात तर मास्तरांची तक्रार कंपनी मागे घेईल. त्यांनी तसं कळवलंय." म्हणून मी हो म्हटलं. आणि काल कळलं, तुझ्या शहराकडून तू येते आहेस. तुझ्याही मानेवर तोच आदेश असणार, तुझाही आकडा आधीच ठरलेला असणार, आणि हे पत्र वाचून तू तो बदलू शकशील असं मला वाटत नाही. मी नव्हते बदलू शकले. पण मी तिथे जे सांगेन ते माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकून तू ते खरं मानावंस, एवढं मला नको होतं. तू पुढच्याच रांगेत बसशील, तुझी सवय मला ठाऊक आहे. एकच मागणं आहे, मला प्रश्न विचारू नकोस. सुट्टीच्या दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मला लिहून दिलंय, आणि माझं ते पाठ झालंय.

तुझीच,
मी